खलनायकाचा ण

टोणगावकरांनी मला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा माझं काहीतरी चुकलं असणार, असंच मला वाटलं. "सोनवणेबाई," एवढंच ते म्हणाले होते. पण त्यात 'ण' होता. नाशिकला सातपूरच्या आमच्या पंपांच्या कंपनीत मी टाइम ऑफिसला लागून सहा महिने झाले होते आणि तोवर सगळ्यांनी मला 'सोनवनेबाई' करून टाकलं होतं. मी मूळची सिन्नरची. घरी आम्हीही स्वतःला सोनवनेच म्हणायचो. आपल्या आडनावात इतका खणखणीत ण आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. त्यांना फक्त हजेरीचं कार्ड बदलून हवं होतं.

हा नव्वदच्या सुमाराचा काळ. टोणगावकर क्वालिटी विभागात इन्स्पेक्टर होते. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, केस मागे वळवलेले. आवाज खर्जातला, आणि तो त्यांनी कधी चढवलेला मी ऐकला नाही. वाक्य सुरू केलं की ते क्रियापदापर्यंत नेऊन पोचवायचे. मध्ये कुणी बोललं तर थांबायचे, त्याचं संपू द्यायचे आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढे जायचे. सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. शिपायाला आपण, जनरल मॅनेजरला आपण, कँटीनच्या मांजरालाही आपण. "आपण इथून जावं," असं ते मांजराला म्हणताना मी स्वतः ऐकलंय. मांजर गेलं. नंतर आठवडाभर कँटीनकडे फिरकलं नाही म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

'टोणगावकर' हे नाव कंपनीत कुणाच्याच तोंडात बसत नसे. आधी त्याचं टोनगावकर झालं, मग टोनगे, आणि शेवटी टोनीसाहेब. साहेब ते नव्हते. पदानं कामगारांच्या जेमतेम एक पायरी वर होते. पण अशा आवाजाच्या माणसाला नुसतं टोनी म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. दुसऱ्यांच्या नावांबाबत इतके काटेकोर असलेले टोणगावकर स्वतःच्या नावाबद्दल मात्र कुणाला टोकायचे नाहीत. त्या बाबतीत त्यांनी कंपनीपुढे हात टेकले होते.

ते पुण्याचे, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. कुणी पेठेचं नावही सांगायचं. प्रत्यक्षात ते मनमाडचे. वडील रेल्वेत, स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायचे. रेल्वे क्वार्टर फलाटाला इतकी लागून होती की वडील कामावर असोत की घरी, आवाज तोच आणि भाषाही तीच. "आमच्याकडे भाकरीला उशीर झाला तरी वडील दिलगिरी व्यक्त करीत," असं टोणगावकरांनी मला एकदा सांगितलं. हा विनोद होता की माहिती हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजायला मार्ग नव्हता. मी हसले नाही. नंतर वाटलं, हसायला हवं होतं.

त्या बोलण्यापायी त्यांच्या हातून काय काय व्हायचं! दुसरे इन्स्पेक्टर काम नापास करायचे ते आईबहिणीवरून शिवी हासडून. "रिजेक्ट रे, काय झोपेत चालवतो का मशीन?" असं म्हटलं की कामगारही हसायचा, तोही हसायचा. टोणगावकर म्हणायचे, "हा नग स्वीकारता येणार नाही." झालं. माणूस दिवसभर जेवायचा नाही. एकदा सुटीच्या वेळी ते एका टर्नरला म्हणाले, "आपण जरा थांबावं. आपल्याशी काम आहे." तो थांबला नाही. तो सरळ घरी गेला आणि आपल्याला सस्पेंड केलंय असं त्यानं बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा थोरला भाऊ गेटवर हात जोडून उभा. टोणगावकरांनी खिशातून चष्मा काढला. टर्नर तो मशीनवर विसरला होता. "मला हा परत करायचा होता," ते म्हणाले. भावानं तो चष्मा दोन्ही हातांनी घेतला आणि पुन्हा माफी मागितली.

अशा माणसाला आमच्या जगतापांनी नाटकात घेतलं नसतं तरच नवल. जगताप स्टोअर्सचे. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी आमच्या कंपनीचं नाटक असायचं. लिहायचे जगताप, बसवायचे जगताप, आणि पडलं तर आजारी पडायचेही जगताप. मी प्रॉम्प्टर. बायका नाटकात काम करायला निघत नसत, पण विंगेत वही घेऊन उभं राहायला माझ्या घरच्यांची हरकत नव्हती. त्यामुळे पुढची सगळी हकिगत मी बाजूनं, अर्धा पडदा तोंडावर घेऊन पाहिलेली आहे.

जगतापांच्या प्रत्येक नाटकात एक गाव असायचं, गावात एक भोळा नायक असायचा, आणि शहरातून एक माणूस यायचा. तो कधी वकील, कधी डॉक्टर, कधी कारखान्याचा मालक. तो आला की म्हणायचा, "नमस्कार. आपण सर्व कुशल आहात ना?" आणि प्रेक्षकांत शिट्ट्या पडायच्या. एवढ्यावरच सगळ्यांना खलनायक कळायचा. ना काळा चष्मा लागे, ना मिशी, ना गालावर व्रण. टोणगावकरांनी वाक्य पूर्ण केलं की काम झालं.

नायक ठरलेला होता, भिका अहिरे. पेंट शॉपमधला, नामपूरचा. घरी कांदा, शेती भाऊ बघायचा आणि हा इथं पंप रंगवायचा. बोलणं अर्धं अहिराणी, अर्धं सातपूरचं. भिकाला एकही संवाद कधी लिहिल्याप्रमाणे पाठ झाला नाही. मी विंगेतून ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची आणि तो शांतपणे भलतंच बोलायचा. लोक त्याच्यावर जीव टाकत. टोणगावकरांचा एक काना इकडचा तिकडे होत नसे, आणि त्यांना कॉलनीतल्या भाजीवालीनं एकदा वांगी द्यायचं नाकारलं होतं. "त्या गरिबाचं घर जाळलं तुम्ही," ती म्हणाली, "मी बगितलंय." त्यानंतर भाजी आणायचं काम त्यांच्या पत्नीकडे गेलं.

याचा त्यांना त्रास होत होता का? मी त्यांना पुष्कळ वर्षं ओळखत होते, तरी हे मला उशिरा कळलं. कळलं ते इंग्रजी सिनेमामुळे.

रविवारी सकाळी तेव्हा नाशकात इंग्रजी सिनेमाचा एक खेळ असायचा. माझ्या नवऱ्याला मारामारी आवडायची, म्हणून आम्ही जायचो. टोणगावकर तिथं हटकून असत, एकटे, ताठ बसलेले. मी एकदा नीट लक्ष देऊन पाहिलं. मारामारी सुरू झाली की हा माणूस डोळे मिटून घ्यायचा. खलनायक बोलायला लागला की उघडायचा.

सोमवारी ते माझ्या खिडकीशी आले. "बाई, एक निरीक्षण आहे," ते म्हणाले. "चित्रपट अमेरिकेचा. नायक अमेरिकेचा. विमानतळ, बॉम्ब, पोलीस, सगळं अमेरिकेचं. खलनायक तेवढा इंग्रज. मी आजवर पुष्कळ पाहिले. कथेत तो जर्मन असो, रशियन असो, जुन्या काळातला रोमन असो, बोलतो इंग्रजासारखाच. एवढ्या मोठ्या देशात त्यांना एक दुष्ट माणूस मिळत नाही का?"

मी म्हटलं, "त्यांच्यात चांगलं बोलणारे कमी असतील."

"नायकाला चांगलं बोलावं लागत नाही, हे खरं आहे," ते म्हणाले आणि कार्ड पंच करून गेले. त्यांनी ही गोष्ट फार मनावर घेतली होती, हे मला तेव्हा समजलं नाही.

मग दर काही दिवसांनी एक नवी उपपत्ती यायची. एकदा म्हणाले, इंग्रज नट नाटकातून आलेले असतात, त्यांना उभं राहून लांब वाक्यं बोलायची सवय असते, आणि लांब वाक्यं फक्त खलनायकालाच असतात; नायकाला सारखं पळायचं असतं. दुसऱ्यांदा म्हणाले, जो माणूस चिडत नाही त्याची लोकांना भीती वाटते. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतंच विचारलं, "बाई, मी रागावलेला दिसतो का?" मी "नाही हो" म्हटलं. माझं उत्तर जरा लवकर आलं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

खरं उत्तर दिलं ते भिकानं. कँटीनमध्ये चहाच्या सुटीत टोणगावकर जगतापांना हेच सांगत होते आणि भिका शेजारी बशीत चहा ओतून पीत होता. तो म्हणाला, "साहेब, सोपं शे ना. अमेरिकावाल्यांवर बी आधी इंग्रजांचंच राज होतं ना?"

"होतं," टोणगावकर म्हणाले.

"मग? ज्यानं हुकूम सोडले त्याचा आवाज कानात बसतो. आमच्या नामपूरला शुद्ध भाषा कशी येते, म्हाईत हे का? कागदावरनं. कोर्टाचा कागद, तलाठ्याचा कागद, लाईट तोडाया आला त्याचा कागद. कोनीतरी तो मोठ्यानं वाचतो आन् म्हातारी रडाया लागते. पोरगा झाला, नोकरी लागली, ही खबर आपल्याच बोलीत येते. शुद्ध भाषेत आमच्याकडं अजून एक बी चांगली खबर आलेली नाय."

जगताप हसले. टोणगावकर हसले नाहीत. "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, भिका अहिरे यांचं बरोबर आहे. माझे वडील आयुष्यभर गाड्या उशिरा धावत असल्याचंच सांगत होते. वेळेवर आलेल्या गाडीबद्दल कोण बोलतं?"

त्याच आठवड्यात ते जगतापांकडे गेले. मी तिथं पावत्या घ्यायला गेले होते, म्हणून ऐकलं. "जगताप," ते म्हणाले, "आपण मला आजवर जे दिलंत ते मी केलं. मला एकदा चांगला माणूस द्या. एकदाच. लोकांना तो पटतो का, एवढंच मला पाहायचं आहे." त्यांनी याआधी कंपनीत कुणाकडे काही मागितल्याचं मला माहीत नाही. जगतापांनाही नसावं, कारण ते ताबडतोब हो म्हणाले.

जगतापांनी गावातल्या शाळामास्तरांची भूमिका लिहिली. सगळं गाव भिकावर उलटतं तेव्हा हा मास्तर त्याला घरात घेतो आणि विचारतो, "बाळा, जेवलास का?" पहिल्या तालमीला टोणगावकरांनी हे वाक्य म्हटलं आणि सगळे थांबले. जगताप म्हणाले, "साहेब, जेवणात काहीतरी घातलंय असं वाटतंय."

ते वाक्य त्यांनी किती प्रकारांनी म्हणून पाहिलं याची मोजदाद नाही. हळू म्हटलं, तर जास्तच भीती वाटली. हसून म्हटलं, तेव्हा जगतापांनी हात जोडले, "हसू नका, एवढं करू नका." भिका त्यांना शिकवायला लागला. "साहेब, सुटं बोला. 'जेवला का रे' म्हना." ते म्हणाले, "जेवला का रे." एखाद्या परदेशी गावाचं नाव वाचावं तसं ते आलं. त्यांच्या पत्नी मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "घरीसुद्धा तालीम चालू आहे. परवा मला विचारलं, 'जेवलीस का?' मी दोन दिवस बहिणीकडे जाऊन आले."

मला हसू आलं. घरी आल्यावर वाईट वाटलं. पन्नाशीला टेकलेला माणूस संध्याकाळी कँटीनच्या टेबलांमध्ये उभा राहून दुसऱ्याला जेवलास का हे विचारायला शिकत होता. तालमीला तो सगळ्यांच्या आधी यायचा.

प्रयोगाच्या दिवशी थिएटर भरलेलं होतं. टोणगावकर धोतर नेसून रंगमंचावर आले आणि पहिल्याच वाक्याला शिट्ट्या पडल्या. लोकांनी ओळखलं. आता हा मास्तराचं सोंग घेऊन आलाय, बघा कधी उघडा पडतो ते! पहिला अंक गेला, दुसरा गेला. मास्तरानं भिकाला घरात घेतलं, जेवलास का विचारलं, तेव्हा लोक खुर्च्यांत पुढे सरकून बसले. मी विंगेतून पाहत होते. टोणगावकर चांगलं काम करत होते. कुणी सरळ मनानं पाहिलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं.

तिसऱ्या अंकात मास्तर भिकाला पाण्याचा पेला देतो. टोणगावकरांनी पेला पुढे केला. मागून कुणीतरी ओरडलं, "पिऊ नको रे!" आणि भिकाच्या हातून जे झालं ते नाटकात नव्हतं. त्यानं पेला घेतला, ओठांपर्यंत नेला, टोणगावकरांच्या तोंडाकडे बघितलं, आणि पेला खाली ठेवून दिला.

मी वहीतून पुढचं वाक्य दिलं. कुणी घेतलं नाही. मग टोणगावकरांनी पेला उचलला आणि सगळं पाणी ते स्वतः प्यायले. त्यात काही नाही हे दाखवायला. थिएटर श्वास धरून बसलं, हा आता कोसळतो म्हणून. ते कोसळले नाहीत. लोकांची निराशा झाली. शेवटी मास्तर चांगला तो चांगलाच राहिला तेव्हा काही जण आपली फसवणूक झाल्यासारखे उठून गेले.

निकालात टोणगावकरांना प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांचा शेरा जगतापांनी वाचून दाखवला: "खलनायकाची भूमिका प्रभावी. मात्र त्याचा हेतू शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही."

रंगपटात टोणगावकर तोंड पुसत होते. त्यांनी भिकाला विचारलं, "भिका, आपण पाणी का घेतलं नाहीत?"

भिका खाली बघत म्हणाला, "नाय सांगता येनार साहेब. मनात आलं, काय भरवसा."

"बरोबर आहे," टोणगावकर म्हणाले. प्रमाणपत्र त्यांनी पिशवीत घातलं. पेला पुढे आला तेव्हा विंगेत माझ्याही तोंडून 'पिऊ नको' निघालं होतं, हे मी त्यांना कशी सांगणार होते. पुढच्या वर्षी ते नाटकात आले नाहीत. सिनेमाला जायचे, पण निरीक्षणं सांगायला खिडकीशी यायचे नाहीत.

त्यानंतर काही वर्षांनी, नवं शतक सुरू झाल्यावर, कंपनीला लोक जास्त आहेत असं वाटायला लागलं. तेव्हा सातपूरला बऱ्याच कंपन्यांना तसं वाटत होतं. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. कुणाची इच्छा आहे त्याची यादी कंपनीनंच तयार केली आणि ती टाइप करायला माझ्याकडे आली. यादीत नावं नव्हती, टोकन नंबर होते. भिकाचा नंबर मला पाठ होता. टोणगावकरांचाही.

पर्सोनेल ऑफिसर नवीन आलेले, तरुण, घाबरलेले. यादी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर वाचायची होती आणि ते धाडस त्यांच्यात नव्हतं. त्यांनी टोणगावकरांना बोलावलं. "तुमचा आवाज चांगला आहे," ते म्हणाले, "आणि तुम्हाला सवय आहे." दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. टोणगावकर म्हणाले, "मी वाचीन. पण आकडे वाचणार नाही. नावं वाचीन. पूर्ण." साहेब म्हणाले, काय फरक पडतो? टोणगावकर म्हणाले, "मला पडतो."

ते माझ्या टेबलाशी आले. त्यांना सांगायचं की नाही याच विचारात मी होते. मी यादी पुढे सरकवली आणि म्हटलं, "साहेब, मधला एक नंबर बघून घ्या." त्यांनी पाहिला. मग म्हणाले, "बाई, सर्वांची सेवापत्रकं काढा. नाव, वडिलांचं नाव, गाव. तसं पुन्हा टाइप करू." आम्ही दोघांनी बसून ते केलं. त्यांनी माझ्या दोन चुका काढल्या. दोन्ही न आणि ण च्या होत्या. मला राहवलं नाही. "तुम्ही कशाला वाचता? लोक तुम्हालाच शिव्या देतील. दुसऱ्याला वाचू द्या."

"दुसरा वाचील तर नावं चुकतील," ते म्हणाले. "माणसाला घरी पाठवताना निदान त्याचं नाव तरी नीट घ्यावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये सगळे बाकांवर बसले होते. टोणगावकर कागद घेऊन उभे राहिले तेव्हा मागून कुजबुज आली, "टोनीसाहेबच येनार. दुसरं कोन." मी सवयीनं त्यांच्या डाव्या हाताला, जरा मागे, हातात दुसरी प्रत घेऊन उभी होते.

"अहिरे, भिका सुकदेव. राहणार नामपूर, तालुका बागलाण," त्यांनी वाचलं. पहिलंच नाव भिकाचं. तो हलला नाही. मग एकेक नाव येत गेलं, बापाच्या नावासकट, गावासकट. पेठ तालुक्यातलं एक गाव आमच्याकडे कुणालाच नीट म्हणता येत नसे, तेही त्यांनी बरोबर म्हटलं. ज्यांना कंपनीनं वर्षानुवर्षं पाप्या, बाळ्या, पैलवान म्हणून हाका मारल्या त्यांची खरी नावं काय होती हे शेजारी बसलेल्यांनाही तेव्हाच कळत होतं. कुणी शिवी दिली नाही. द्यायला जागाच सापडत नव्हती.

मग त्याच आवाजात, त्याच वेगानं, त्यांनी वाचलं, "टोणगावकर, श्रीनिवास दत्तात्रय. राहणार मनमाड."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. हा कोण? कुठल्या विभागातला? टोणगावकरांनी पुढची दोन नावं वाचली. तिसऱ्याला भिका उभा राहिला. "थांबा साहेब," तो म्हणाला. "ते मनमाडवाले श्रीनिवास कोन हायेत?"

"मी," टोणगावकर म्हणाले आणि पुढचं नाव वाचलं.

यादी संपली. खाली एक वाक्य होतं, 'आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल कंपनी आपली ऋणी आहे.' टोणगावकर थांबले. मला वाटलं, ओळ सुटली. इतक्या वर्षांची सवय. मी हळूच म्हटलं, "आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल…"

त्यांनी मान किंचित माझ्याकडे वळवली. "ते वाक्य माझं नाही, बाई," ते म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी तो साहेबांच्या हातात दिला.

मग ते बाकांकडे निघाले. कुठं बसायचं हे त्यांना कळत नव्हतं. कामगारांच्या बाकावर ते कधी बसलेले नव्हते, आणि ऑफिसच्या खुर्च्यांकडे आता जायचं नव्हतं. मधल्या वाटेत ते उभे राहिले. भिकानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं, बाकावर जागा केली आणि म्हणाला, "आठे बसा, भाऊ."

ते बसले. भिका त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "मना बापचं नाव इथं आजपावतो कोनी घेतलं नव्हतं."

साहेबांनी मला आत बोलावलं, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. टोणगावकरांची सही त्या दिवशी दुसऱ्या कुणी घेतली, आणि पुढच्याच महिन्यात ते पत्नीला घेऊन मनमाडला गेले. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. दारातून वळून बघितलं तेच शेवटचं. बाक चार जणांचा होता आणि पाच जण दाटीनं बसले होते. भिकानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला होता. खांद्यावर कुणाचा हात असताना कसं बसायचं हे टोणगावकरांना ठाऊक नव्हतं. ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ होते, हात गुडघ्यांवर, आणि जराही हलत नव्हते, तो हात तिथून जाऊ नये म्हणून.